महालक्ष्म्या होऊन जाऊ द्या

डॉक्टर "इसी हफ्ते" म्हणाले आणि विभावरी मनातल्या मनात महालक्ष्म्यांना किती दिवस उरले ते मोजू लागली. समोर उजेडाच्या पाटीवर तिच्या मानेचा फोटो लावलेला होता. मणके एकावर एक रचलेले, आणि आतली दोरी दोन जागी कुणी चिमटीत धरावी तशी दबलेली. हातापायांचा सगळा कारभार या एका दोरीतून चालतो, डॉक्टर सांगत होते. ती दबली म्हणून बटणं लागत नाहीत, ती दबली म्हणून चालताना तोल जातो. ऑपरेशनने दाब निघेल आणि बिघडणं थांबेल. गेलेलं परत येईलच याची हमी नाही. आणि तोवर पडायचं नाही. साधा धक्कासुद्धा महागात पडेल.

"एक महीने बाद करेंगे तो?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक महीने में क्या है माताजी? शादी है घर में?"

लग्न असतं तर विभावरीने ते खुशाल पुढे ढकललं असतं. महालक्ष्म्या ढकलता येत नाहीत, आणि हे त्या भल्या माणसाला हिंदीतून समजावून सांगणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रत्नाकरराव फोटोतल्या मणक्यांकडे टक लावून बघत होते, उघडून ठेवलेलं एखादं मशीन बघावं तसे. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. चाळीसेक वर्षांच्या संसारात हे एवढं एकच वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, आणि ते कधी चुकत नसत.

तसं पाहिलं तर हात वर्षभरापासूनच कुरकुरत होते. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग ब्लाउजचे हूक हट्टाला पेटले, मग सुईत दोरा जाईना. मान खाली घातली की पाठीतून वीज उतरायची. जबलपूरच्या रांझीतल्या मराठी घरांत जिच्या पुरणपोळीचा दरारा होता अशी ही बाई, ती हे कुणाला सांगणार! कपबशी फुटली की साबणाला दोष द्यायची, ग्लास निसटला की ग्लासाला. रत्नाकरराव फॅक्टरीच्या टूलरूममधून फिटर म्हणून रिटायर झालेले. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस, पण बायको चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली हे त्यांच्या लक्षात यायला कितीतरी महिने गेले. आलं तेव्हा म्हणाले, "थंडीनं होत असेल." तेव्हा मे महिना चालू होता.

हेही तिने सोसलं असतं. खरी गोष्ट तिने ना डॉक्टरांना सांगितली, ना नवऱ्याला. अलीकडे संडासात तिला आपलं आपण धुता येईनासं झालं होतं. हात पोहोचायचा, पण हाताला काही कळायचंच नाही. धुतलं गेलं की नाही याचा भरवसा वाटायचा नाही, म्हणून ती पुन्हा धुवायची, पुन्हा धुवायची, आणि बाहेर आल्यावरही दिवसभर मनात शंका घेऊन फिरायची. ऑपरेशनकडून तिला एवढंच हवं होतं. पोळ्या सून लाटेल, भाजी बाई चिरेल, पण हे एक काम मरेपर्यंत आपल्याच हाताने व्हावं.

तरीही ती महालक्ष्म्यांसाठी थांबली, याला कारण होतं. सासूबाईंच्या काळात सासऱ्यांची नागपूरहून जबलपूरला बदली झाली, त्या गडबडीत एक वर्ष लक्ष्म्या बसल्या नाहीत. मुखवटे ट्रंकेतच राहिले. त्याच वर्षी, दिवाळीच्या आत, त्यांचा थोरला मुलगा शरच्चंद्र तापाने गेला. सासूबाईंनी सुनेच्या ओटीत मुखवटे घातले तेव्हा ही हकीकतही सोबत घातली होती, आणि मुखवट्यांपेक्षा तीच जड होती. आता मुलाची, आल्हादची बायको, सुखदा, हैदराबादला सातव्या महिन्यात होती. दोन वेळा रिकामी झालेली पोर, आता कुठे तिसऱ्यांदा टिकलं होतं. तिला बोलावणं शक्य नव्हतं, आणि लक्ष्म्या न बसवणं विभावरीच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

"महालक्ष्म्या होऊन जाऊ द्या," घरी येताना ती ऑटोत म्हणाली. "मग कापा म्हणावं मान."

"तू म्हणशील तसं," रत्नाकरराव म्हणाले.

लक्ष्म्या आल्या त्या दिवशी सगळं निभावलं. मुखवट्यांखालच्या कोठ्यांवर साड्या नेसवताना निऱ्या तिच्या बोटांत राहीनात, तेव्हा शेजारची अंजनी मदतीला आली. कुंकवाची पावलं काढली, मुखवटे चढले, विभावरीला जरा हलकं वाटलं. दुसरा दिवस जेवणाचा. पहाटेच अंघोळ करून, सोवळ्याचं ओलं लुगडं नेसून ती न्हाणीघरातून स्वयंपाकघरात यायला निघाली आणि उंबऱ्याला पाय अडला. पाय उचललाय असं तिला वाटत होतं, तो उचललेला नव्हता. कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं, मान मागे झटकली गेली आणि ती फरशीवर पडली.

दुखलं नाही. दोन्ही हातांची आग आग झाली, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि त्या आगीत हात हलेचनात.

रत्नाकरराव धावत आले. त्यांनी तिच्या काखेत हात घालायला वाकताच ती ओरडली, "शिवू नका! सोवळ्यात आहे मी."

"विभा, अगं..."

"पुरण जळून राहिलं. गॅस बंद करा आधी. अंजनीला हाक मारा, ती अंघोळ करून तयार असेल. तिला म्हणा पोळ्या लाट. नैवेद्य दाखवा, आरती करा, मग मला हलवा."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल की असं कोण करतं. रत्नाकररावांनी केलं. बायको स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी, अंजनी रडत रडत तिच्या डोक्याशी उभी राहून पोळ्या लाटतेय, आणि विभावरी खालून सांगतेय, आंबील ढवळ, कढीत मीठ राहिलं, सोळा भाज्यांची वाटी उजवीकडे. सोळा भाज्या झाल्या, वडे झाले, फुलोरा टांगला गेला. रत्नाकररावांनी नैवेद्य दाखवला. मग आरती, आणि मग अॅम्ब्युलन्स.

"ये कब गिरीं?" हॉस्पिटलात विचारलं तेव्हा रत्नाकरराव म्हणाले, "अभी." आयुष्यात पहिल्यांदा ते सफाईने खोटं बोलले.

ऑपरेशनच्या आधी गीतांजली नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी प्रश्न विचारायला आली. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटचं आधीचं जगणं आणि नंतरचं जगणं तिथे गुणांत मांडून बघत असत. चम्मच से खा लेती हैं? बटन लगा लेती हैं? सीढ़ी चढ़ पाती हैं? दर्द कितना है, दस में से? विभावरीने सगळ्याला नाही म्हटलं, दुखण्याला दहा दिले. ज्या प्रश्नाची ती वाट बघत होती तो गीतांजलीने विचारलाच नाही. आणि विभावरीला आपणहून सांगवलं नाही, कारण रत्नाकरराव तिथेच उशाशी बसले होते.

पुढून गळ्यावर छेद घेऊन दाब काढला, मधे पट्टी बसवली. रत्नाकररावांनी डॉक्टरांना स्क्रू कुठल्या धातूचे ते विचारलं, आणि टायटेनियम म्हटल्यावर त्यांना बराच धीर आला. गिळताना घसा दुखायचा, मानेला पट्टा होता, पण पाय हळूहळू परत आले. आधी पलंगाच्या कडेला बसणं, मग वॉकर, मग भिंत धरून, मग काठी. हातातली आग कमी झाली. हात मात्र आले नाहीत. बोटं अर्धी मिटून राहिली, तळहात कुणा दुसऱ्याचाच वाटे. डॉक्टर म्हणाले, सालभर देखेंगे.

हॉस्पिटलात आया होत्या. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी प्रश्न आला. विभावरीने दुपारपर्यंत दम धरला. बाई ठेवू, असं रत्नाकररावांनी सुचवलं होतं, तेव्हा परकी बाई नको म्हणून तिनेच ठणकावलं होतं. शेवटी ती उठली, ते मागोमाग आले. आत दोघंही एकमेकांकडे बघेनात. "तू तिकडे बघ," ते म्हणाले. तिने टाईल्सवर नजर लावली. नवऱ्याने आपल्याला कधी काळी हौसेने गजरा माळला होता, सिनेमाला अंधारात हात धरला होता, त्याच हाताने आता हे चालू होतं. पाणी ओतताना ते म्हणाले, "गार तं नाही ना?" त्या प्रश्नाने ती जी मोडली, ती पलंगावर येऊन पडल्यावरही कितीतरी वेळ हुंदके देत राहिली. मरण आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिने उघड म्हटलं. रत्नाकररावांनी ते ऐकलं आणि हात धुवायला गेले.

मग त्यांच्यातला फिटर जागा झाला. घरामागच्या पडवीत त्यांनी लोखंड पकडायचा शिकंजा लावला आणि तिच्यासाठी हत्यारं घडवायला घेतली. फवाऱ्याच्या नळीला मोठा खटका बसवला, तो तिच्या बोटांनी दबला नाही. वाकवलेल्या पाइपच्या टोकाला स्पंज लावला, तो हातातून सुटला. मग मनगटाला बांधायचा चामड्याचा पट्टा शिवला. कानशीने घासून घासून कडा अशा गुळगुळीत केल्या की लहान पोराच्या हातात द्याव्यात. दर वेळी ते दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "जमलं का?" आणि ती आतून म्हणायची, "या."

याच दिवसांत सुखदा बाळंत झाली. मुलगा झाला, धडधाकट, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा. विभावरीला त्या दिवशी सगळा हिशेब उलगडल्यासारखा वाटला. लक्ष्म्यांनी हात घेतले आणि नातू दिला. सौदा महाग होता, पण खोटा नव्हता. ओटीत दोन वेळा राख पडलेल्या सुनेला पोर झालं, मग म्हातारीचे हात गेले तर कुठे बिघडलं? त्यानंतर रत्नाकरराव धूत असताना ती टाईल्सकडे बघून पोराचं नाव जपायची. ऋग्वेद. त्या नावाने ते चार क्षण कसेबसे पार पडायचे.

वर्ष होत आलं तेव्हा गीतांजलीने पुन्हा तेच प्रश्न विचारले. चलना? बेहतर. दर्द? बहुत कम. चम्मच? मोठ्या मुठीचा रत्नाकररावांनी करून दिलाय, त्याने थोडं जमतं. तिने बेरीज करून दाखवली. "देखिए माँजी, कितना बढ़ा है! सर के अच्छे केसों में हैं आप।" रत्नाकररावांचा चेहरा उजळला. हात आता यापेक्षा येणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं, गुणांच्या आनंदात हळूच सरकवून दिल्यासारखं. परतताना रत्नाकररावांनी जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात थांबून खोव्याची जलेबी घेतली. विभावरी ऑटोत बसून राहिली. चांगल्या केसला रडायलाही चोरी.

त्या भाद्रपदात आल्हाद आणि सुखदा बाळाला घेऊन आले. सुखदाने कंबर कसली. व्हिडिओ बघून, सासूला विचारून, अंजनीला हाताशी धरून तिने निऱ्या अशा बसवल्या की अंजनीने बोट तोंडात घातलं. विभावरी माजघराच्या दारात खुर्चीवर बसून सांगत होती, पण सांगायला फारसं उरलं नव्हतं.

"आई, उद्या पहिलं कुंकू तुम्हीच लावायचं," सुखदा म्हणाली.

"मी सोवळ्यात कुठे असते आता?"

"अंघोळ करताच ना रोज?"

"दुसऱ्याच्या हातची अंघोळ ती."

"काहून एवढा विचार करून राहिल्या? देवीला सगळं समजते."

देवीला सगळं समजतं याचीच तर विभावरीला भीती होती. पण कुंकू लावायची इच्छा मनातून जाईना. ज्यांच्यासाठी हात गेले, त्यांच्या कपाळाला एकदा तो हात लागावा, एवढा तरी आपला हक्क आहे, असं तिला राहून राहून वाटत होतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी तिने मनगटाला पट्टा बांधून घेतला. "तुम्ही बाहेर थांबा," ती नवऱ्याला म्हणाली. "आत यायचं नाही. मी हाक मारली तरी नाही."

दार लोटलं. आधी पाणी सांडलं. मग स्पंज सरकला, तो तिने गुडघ्यावर दाबून सरळ केला. हात मागे नेला, पोहोचला, की पोहोचला नाही? हाताला विचारून उपयोग नव्हता. तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पट्टी बसवलेली मान तेवढी वळेना. पुन्हा. पुन्हा. पाइप टाईल्सवर आपटून वाजायचा आणि बाहेर रत्नाकररावांचा श्वास थांबायचा, तिला ऐकू यायचं. ती घामाघूम झाली. स्पंज समोर आणून पाहिला तेव्हा काय ते कळलं. झालं नव्हतं. होणारही नव्हतं. बाहेर सुखदा कुणाला तरी सांगत होती की आई येतच आहेत.

"झालं का?" रत्नाकररावांनी विचारलं.

"झालं," विभावरी म्हणाली.

डोक्यावरून कसंबसं पाणी ओतून घेतलं. लुगडं गुंडाळायला सुखदा सोवळ्याने आली, रत्नाकरराव लहान मुलासारखे हसत बाजूला झाले. "पाहिलं? पट्ट्यानं काम केलं," ते आल्हादला सांगत होते. विभावरी काठी टेकत लक्ष्म्यांपुढे गेली. बोट कुंकवात बुडालं की नाही ते डोळ्यांनी बघून घेतलं, आणि अस्वच्छ अंगाने, खोटं बोललेल्या तोंडाने तिने थोरलीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग धाकटीच्या. ते थोडं नाकावर ओघळलं. "वा, वा," सगळे म्हणाले. अंजनी पदराने डोळे पुसत होती.

त्या क्षणापासून विभावरीची जी तगमग सुरू झाली ती कुणाला कळली नाही. ऋग्वेद शिंकला की ती त्याच्या कपाळाला आपला गाल लावून ताप बघायची. तो पायरीकडे रांगत गेला की ती खुर्चीतून ओरडायची. विसर्जन झालं, मुखवटे ट्रंकेत गेले, पोरं हैदराबादला परतली. ती रोज फोन करायला लावायची. ताप नाही ना? खाल्लं का? झोपला का? सुखदा आधी हसायची, मग जरा चिडायला लागली. सासूबाईंची ती हकीकत दिवाळीच्या आतली होती. विभावरी दिवाळीकडे डोळे लावून बसली. तिकडे धुण्याचं रोजचं रहाटगाडगं चालूच होतं, आणि "बाहेर थांबा" हेही चालू होतं, कारण सगळ्या घराने ऐकलेलं "झालं" आता मागे घेता येत नव्हतं. थोडं ती करायची. उरलेलं अंघोळीच्या वेळी रत्नाकरराव पाण्यासोबत न बोलता उरकायचे. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असावं.

दिवाळी आली. फॅक्टरीच्या वसाहतीत माळा लागल्या, फटाके वाजले. पाडव्याला आल्हादचा व्हिडिओ कॉल आला. ऋग्वेद नवा झब्बा घालून, सोफा सोडून, चार पावलं चालत कॅमेऱ्यापर्यंत आला आणि धपकन बसला. गाल फुगलेले, तोंडात लाडू. रत्नाकररावांनी टाळ्या पिटल्या. "चालला! विभा, पोट्टा चालला!"

विभावरी बघत राहिली. फोन बंद झाला तरी ती बघतच होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळी झाली," ती म्हणाली. "काही झालं नाही."

"काय व्हायचं होतं?"

तेव्हा तिने सांगितलं. त्या सकाळी झालं नव्हतं, तसंच कुंकू लावलं. खोटं बोलून, विटाळल्या अंगाने. "आणि पोराला साधा तापही आला नाही अहो. म्हणजे तेव्हाही काही झालं नसतं. मी नसत्या बसवल्या तरी हा असाच झाला असता, असाच चालला असता. माझे हात कुणी मागितलेच नव्हते."

रत्नाकररावांनी बंद फोन उचलून पालथा ठेवला.

"तुम्ही मला 'नाही' काहून म्हणाले नाही?" तिचा आवाज चढला. "डॉक्टर सांगत होता. मी अडाणी, मी भित्री, मान्य. तुम्ही तं होते ना? जन्मभर तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं! एकदा तरी नाही म्हणायचं होतं. दंड धरून न्यायचं होतं मला. फरशीवर पडली होती मी, आणि तुम्ही आरती करत होते!"

बाहेर कुणाची तरी लड लागली, ती सरली. मग रत्नाकरराव म्हणाले, "मलाही भीती वाटली होती. पोराची." त्यांनी हातांकडे पाहिलं, तिच्या नाही, स्वतःच्या. "तू थांबते म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, विभा. खरं सांगतो. सुटल्यासारखं वाटलं."

विभावरीला त्यांचा राग आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. हा माणूस मारायच्याही लायकीचा नव्हता, सोडायच्याही. आणि मारायला तिच्याजवळ हात कुठे होते.

थोड्या वेळाने ती काठी घेऊन उठली. रत्नाकरराव सवयीने मागोमाग गेले, खुंटीवरचा पट्टा काढला आणि तो तिच्या मनगटाला बांधण्यासाठी पुढे केला. तिने हात मागे घेतला. पट्टा घेऊन ते दाराबाहेर, नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून उभे राहिले. ती आत गेली. दार लोटलं नाही.

"या आत," ती म्हणाली आणि टाईल्सकडे तोंड केलं.